मुलाला हात-पाय-तोंडाचा आजार दुसऱ्यांदा झालाय. एकदा झाला की पुन्हा होत नाही ना?

होतो. कारण त्यामागे एक विषाणू नसून एन्टेरोव्हायरसचं अख्खं खानदान आहे आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला सहसा अडवत नाही. या खानदानातला कॉक्सॅकी ए१६ हा जुना, बहुधा सौम्य. कॉक्सॅकी ए६ २००८ च्या फिनलंडमधल्या साथीपासून जास्त दिसू लागला. त्यात पुरळ तोंडाभोवती, हातापायांवर वरपर्यंत पसरतं आणि महिना-दोन महिन्यांनी काहींची नखंही गळतात (घाबरू नका, नवी येतात). खरी धास्ती एन्टेरोव्हायरस ए७१ ची. तो क्वचित मेंदूपर्यंत पोचतो. १९९८ मध्ये तैवानातल्या साथीत ७८ जण दगावले, बहुतेक लहान मुलंच. मूल झोपेत सारखं दचकत असेल, ओकत असेल किंवा चालताना झोकांड्या खात असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.