गोवंडीतल्या दोन पालिका शाळांपैकी चांगली कोणती, हे दहावीच्या निकालावरून ठरवावं का?

नाही, एकट्या टक्क्यावर जाऊ नका. आधी नववीच्या पटावर किती मुलं होती आणि त्यातली किती दहावीला बसली, ते विचारा. मी मुंबई पालिकेच्या एम पूर्व विभागातच, म्हणजे गोवंडीच्याच भागात, दहावीच्या शिकवण्या घेते, त्यामुळे हा फरक जवळून दिसतो. समजा, एका शाळेत नववीला ६० मुलं होती, ४० परीक्षेला बसली, ३८ पास झाली. निकाल ९५ टक्के. शेजारच्या शाळेनं ६०च्या ६० बसवली, ५१ पास झाली. निकाल ८५ टक्के. माझ्या मते दुसरी शाळाच सरस, तिनं १३ मुलं जास्त पार केली. पहिल्या शाळेतली २० मुलं गेली कुठे? कुणी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतं, कुणी जरीच्या कारखान्यात लागतं. झोपडी तुटली म्हणून घरच दुसरीकडे गेलं असेल, तर त्यात मात्र शाळेचा दोष नाही.

मूल लहान असेल तर प्रत्यक्ष जाऊन बघा:
- चौथीतली मुलं दुसरीच्या पुस्तकातलं पान न अडखळता वाचतात का
- शिष्यवृत्ती परीक्षेला कितीजण बसतात
- शाळा दहावीपर्यंत आहे, की आठवीनंतर दाखला काढावा लागेल

तुलना एकाच माध्यमाच्या शाळांची करा. आणि पट लहान असेल, २०-२५ मुलांचा, तर दोन मुलं नापास झाली तरी निकाल आठ-दहा टक्क्यांनी घसरतो. तिथे तीन वर्षांचे आकडे एकत्र धरा.