‘मॅडम, काही होणार नाही ना?’

‘लेझरने चष्मा घालवू का? डोळे तर जाणार नाहीत ना?’ लग्न ठरलेल्या मुली, नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यांतले इंजिनिअर, भरतीची तयारी करणारी मुलं, सगळ्यांचा हाच प्रश्न. डॉक्टर तपासून ‘करता येईल’ म्हणतात, तारीख मिळते आणि झोप उडते. मी समुपदेशक. डोळे तपासणं माझं काम नाही, माझ्याकडे येते ती उडालेली झोप.

त्यातल्या एकाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दिंडोरीकडचा २७ वर्षांचा द्राक्षबागायतदार, नंबर उणे ५. फवारणीला मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरायची. रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला जावं, तर पावसात काचा पुसण्यातच वेळ जायचा. लेझर त्याला मनापासून हवं होतं. तीन दवाखान्यांत तपासण्या झाल्या, दोनदा तारीख रद्द केली. रात्री दोन-दोनपर्यंत मोबाइलवर लोकांचे वाईट अनुभव बघत बसायचा.

“तुम्ही सांगा मॅडम, काही होणार नाही ना?” पहिल्या भेटीत त्याने हे सात-आठ वेळा विचारलं. मी उत्तर दिलं नाही. असा दिलेला धीर जिना उतरेपर्यंतच टिकतो, हे इतक्या वर्षांत मी पुरतं ओळखून आहे.

तिसऱ्या भेटीत मी तिन्ही डॉक्टरांबद्दल विचारलं. दोघं म्हणाले होते, दहा मिनिटांचं काम, काहीच होत नाही. तिसऱ्या डॉक्टरबाईंनी मात्र अर्धा तास बसवून सांगितलं होतं, की डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, थोडा नंबर परत येऊ शकतो.

“त्यांच्याकडून आलो अन् घाबरलो. तिथं नाही करायचं.”

मी विषय बदलला. “बागेत डावणीची बुरशी आली आणि दुकानदार म्हणाला, हे औषध मारा, शंभर टक्के जाणार, तर?”

“त्याच्या दुकानाची पायरी परत चढत नाही मी. पाऊस किती झाला, पान किती वेळ ओलं राहिलं, हे न विचारता खात्री कशी देतो माणूस?”

बोलला आणि थांबला. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने एक शब्दही बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, “म्हणजे ज्यांनी खरं सांगितलं, त्यांच्यापासूनच मी पळत होतो.”

त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला. आणि खरं सांगायचं तर, डावणीचा प्रश्न सुचल्याबद्दल स्वतःचाही.

‘काही होऊ नये’ ही इच्छा रास्त आहे. तिचं ‘काही होताच कामा नये’ झालं, की कुठलीच माहिती पुरत नाही. मग माणूस पर्याय तोलत नाही, हमी शोधत फिरतो. विवेकाने विचार करणं म्हणजे भीती घालवणं नव्हे, तिला मापात बसवणं.

म्हणून चौथ्या भेटीत आम्ही मापं काढली. अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था एफडीए, तिने लॅसिकबद्दल, म्हणजे चष्मा घालवण्याच्या याच लेझर शस्त्रक्रियेबद्दल, केलेल्या पाहणीत ९५ टक्क्यांहून जास्त लोक नजरेबद्दल समाधानी होते. त्याच पाहणीत, आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी वलयं, चकाकी असा काही ना काही नवा त्रास जाणवत होता आणि २८ टक्क्यांपर्यंत लोकांना कोरडेपणा. रोजची कामं फार अवघड होण्याइतका दृष्टीचा त्रास मात्र १ टक्क्याहून कमी जणांना. हे सगळे आकडे एकाच वेळी खरे आहेत, आणि मनाला ते एकत्र धरायला शिकवावं लागतं.

डॉक्टरांना ‘काही होणार नाही ना?’ विचारू नका, ‘माझ्या डोळ्यांत काय होऊ शकतं?’ असं विचारा. लेझरने बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होतो. मुळात तो असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. म्हणून त्याची जाडी आणि आकार मोजणारी चाचणी टाळून कोणी तारीख देत असेल, तर उठून या. कॉर्निया मुळातच पातळ किंवा वेडावाकडा असेल, तर पुढे फुगून नजर बिघडू शकते. अशा वेळी मिळालेला नकार हा तुमच्या डोळ्यांवरचा उपकार समजा. नंबर किमान वर्षभर स्थिर हवा. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतोच, लेझर केलं तरी. आणि मोठा उणे नंबर असलेल्यांचा मागचा पडदा, रेटिना, नाजूकच राहतो. चष्मा गेला म्हणून त्याची तपासणी सोडू नका.

तो त्याच डॉक्टरबाईंकडे गेला. फवारणीतून आणि धुळीतून काही दिवस सुटका मिळावी म्हणून एप्रिलची छाटणी उरकल्यावरची तारीख त्याने स्वतः मागून घेतली.

जूनमध्ये रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: ‘मोटर चालू करायला आलोय. पलीकडच्या वस्तीवरच्या दिव्याला वलय दिसतंय, मॅडम. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच. थेंब टाकतो अन् झोपतो.’