आधी दोन रविवार नुसती फिर

प्रश्न : मॅडम, मी एस.वाय.बी.ए.ला आहे, भूगोल घेतलाय. या सत्रात 'कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट' आहे. दोन क्रेडिट, म्हणजे साठ तास. वर्गातले बरेच जण मागच्या बॅचच्या फाईली उतरवतायत. मला आमच्याच गावात काहीतरी खरं करायचंय. वृक्षारोपण करू का?
– एक विद्यार्थिनी, सिन्नर तालुका

उत्तर : झाडं नको. पावसाळा गेलाय, आणि मे महिन्यात त्यांना पाणी कोण घालणार?

मी अकरा वर्षं एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, कार्यक्रम अधिकारी होते. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास आणि गावात सात दिवसांचं शिबिर. अशाच एका शिबिरात आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, सुतळीने तोंड शिवायचं, थरावर थर. पोरांच्या हाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी पाणी तुंबलं, फोटो निघाले, सरपंचांनी नारळ फोडला. चौथ्या दिवशी सकाळी एक आजी धुण्याची बादली घेऊन काठावर उभ्या. "बाई, आमचा धुण्याचा दगडच बुडिवला की तुमी!"

जागा आम्ही सरपंच आणि ग्रामसेवकांना विचारून ठरवली होती. ओढ्यावर रोज येणाऱ्या बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. पोरांनी पहारी लावून दगड वर काढून दिला. एकाने तो प्रसंग अहवालात लिहिला होता, तो मी खोडायला लावला. अजून वाईट वाटतं.

तुझा विषय भूगोल, तर विहिरी मोज. दोरीला फुटाफुटावर गाठी मार, टोकाला दगड बांध. आठ-दहा विहिरींची पातळी दर रविवारी सकाळी, मोटारी सुरू व्हायच्या आधी घे. काठावर जिथून मोजतेस तिथे ऑइलपेंटची खूण कर, नाहीतर आकड्यांचा मेळ बसणार नाही. पण पहिले दोन रविवार दोरी न घेता नुसती फिर. विहीर आटली की पहिली पायपीट कुणाच्या घरात सुरू होते, ते बायकांना विचार आणि वहीत लिही. तेही साठ तासांत धर. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहीत जा. उन्हाळी कांद्याला पाणी पुरेल का, याचा अंदाज घ्यायला लोक थांबून वाचतील. मार्गदर्शकांनी "यात सेवा कुठाय?" विचारलं, तर त्या फळ्याचा फोटो दाखव.

फाईल उतरवणाऱ्यांना मार्क कदाचित तुझ्याइतकेच पडतील, त्याचा त्रास करून घेऊ नकोस. आणि विहिरीवर एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला बरोबर ने. सगळ्या विहिरींना कठडे नसतात.