विक्री जुळते पण नफ्याची टक्केवारी चुकते, तेव्हा काय तपासावे

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे: पॉवर बीआय या डेटा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधील अहवाल विनातक्रार रिफ्रेश झाला (म्हणजे त्यात नवा डेटा भरला गेला), एकूण विक्री हिशेबाशी जुळते, सूत्रात कोणी बदल केलेला नाही आणि तरीही नफ्याची टक्केवारी एकाएकी वाढलेली दिसते. यातली विक्री जुळते ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण पॉवर क्वेरीत (डेटा आणून साफ करण्याच्या भागात) तक्ते मर्ज करताना, म्हणजे एकमेकांना जोडताना, विक्रीच्या ओळी दुप्पट झाल्या असत्या, तर विक्रीही फुगली असती. ती शक्यता तूर्त बाजूला ठेवा आणि सूत्र आहे तसेच राहू द्या.

माझा पहिला संशय खरेदी किमतीवर आहे. डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रभाषेत, वजाबाकी करताना कोरी किंमत शून्य धरली जाते. त्यामुळे एखाद्या नव्या उत्पादनाची विक्री 500 असेल आणि खरेदी किंमत आलीच नसेल, तर नफा 500, म्हणजे थेट 100 टक्के दिसतो आणि कुठेही लाल खूण उमटत नाही. किंमत कोरी राहण्याची कारणे बहुधा साधी असतात. विक्रीच्या तक्त्यात उत्पादनाचा कोड 00124 असतो, तर किमतीची फाइल एक्सेलमधून जाताना पुढची शून्ये गळून तो 124 झालेला असतो, म्हणून जोडणीच होत नाही. किंवा किमतीच्या रकान्यात कोणीतरी ‘लागू नाही’ असे लिहिलेले असते; त्या रकान्याचा प्रकार संख्या असल्याने पॉवर क्वेरीत त्या घरात त्रुटी येते, मॉडेलमध्ये (अहवाल ज्यावर चालतो त्या डेटासंचात) ते घर कोरे भरले जाते आणि रिफ्रेश मात्र यशस्वी म्हणून नोंदला जाऊ शकतो. रिफ्रेश यशस्वी झाला याचा अर्थ डेटा आला एवढाच घ्यावा; तो बरोबर आला, असा घेऊ नये.

प्रत्येक उत्पादनाची टक्केवारी योग्य असून फक्त एकूण ओळीतली चुकत असेल, तर मामला वेगळा आहे. टक्केवारी कॅल्क्युलेटेड कॉलममध्ये (प्रत्येक ओळीसाठी वेगळे गणित करणाऱ्या रकान्यात) काढून तिची सरासरी घेतली आहे का, ते पाहा. एका ओळीत 100 च्या विक्रीवर 50 नफा आणि दुसरीत 900 च्या विक्रीवर 90 नफा असेल, तर 50 आणि 10 टक्क्यांची सरासरी 30 येते. खरे उत्तर 1000 वर 140, म्हणजे 14 टक्के आहे. अशी मांडणी आधीपासूनच चुकीची असते, पण ओळी साधारण सारख्या आकाराच्या असेपर्यंत ती लपून राहते आणि नव्या डेटात लहान विक्रीच्या पुष्कळ ओळी आल्या की उघडी पडते. येथे मात्र सूत्र बदलावेच लागेल: एकूण नफ्याला एकूण विक्रीने भागणारे मेजर, म्हणजे ओळीओळीने नव्हे तर एकत्रित आकड्यांवर चालणारे सूत्र, लिहा.

केवळ महिन्यांचे आकडे इकडचे तिकडे झाले असतील, तर तारखांचा लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख वाचायची ही सेटिंग) तपासा. 03/04 ही तारीख 3 एप्रिल किंवा 4 मार्च, दोन्ही अर्थांनी निमूटपणे वाचली जाते.

सुरुवात म्हणून खरेदी किंमत कोरी असलेल्या विक्रीच्या ओळी मोजणारे एक मेजर लिहा आणि ते उत्पादनानुसार मांडा. तो आकडा शून्य नसेल, तर त्यातल्या एका उत्पादनाचा कोड दोन्ही मूळ फाइलींमध्ये शोधून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दुरुस्तीनंतरही ते मेजर अहवालाच्या एका पानावर कायम ठेवा आणि प्रत्येक रिफ्रेशनंतर टक्केवारी पुढे पाठवण्याआधी त्यावर नजर टाका.