फालशाचं पंच कडू का होतं?

प्रश्न : मे महिन्यात वीस जणांचं केळवण आहे. फालशाचं पंच कडवट होतं, सोडाही बसतो. काय करावं? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : मिक्सर लावलात ना? बिया भरडल्या की कडवटपणा रसात उतरतो. एक किलो पिकलेले फालसे धुऊन लिटरभर पाण्यात अर्धा तास भिजवा, हातानं कुस्करा, चाळणीतून गाळा. चोथा फार रगडू नका. अर्धा किलो साखर, तीन लिंबांचा रस, चमचाभर काळं मीठ घालून रस फ्रिजमध्ये गार करा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं; आंबट रसाला ॲल्युमिनियम नको. थोड्या रसाचेच बर्फाचे खडे करा, म्हणजे पंच पाणचट होत नाही. दीड लिटर गार सोडा पाहुणे बसल्यावरच, कडेनं ओता. जोरात ढवळलंत की गॅस गेलाच. पुदिना हवा तर वरून चारच पानं.