फॉरवर्डने मागे यायचं का?

या खेपेला क्रिकेटचे प्रश्न नेहमीसारखे ढीगभर होतेच, पण हॉकीचे चार आले आणि चारही फिरून फिरून एकाच जागी येत होते, म्हणून क्रिकेटवाल्यांनो रागवू नका, हा अंक हॉकीचा.

प्रश्न: माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, राइट विंगला खेळते, टीमचे निम्म्याहून जास्त गोल तिचेच असतात. नवीन कोच आल्यापासून एकच पालुपद, "बॉल गेला की मागे ये". दोन मॅचमध्ये तर तिला चक्क बाहेर बसवलं. आम्ही पहाटेच्या लोकलने तिला कांदिवलीहून चर्चगेटला नेतो ते काय तिने डिफेन्स करावा म्हणून? जिला गोल मारता येतात तिने गोल मारावेत ना?
— एक वडील, कांदिवली

उत्तर: दादा, पहाटेची लोकल पकडणाऱ्या बापाचा राग मला कळतो. पण आधी हे विचारा की कोच "मागे ये" म्हणतो म्हणजे नक्की कुठपर्यंत ये म्हणतो, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे.

मागे येणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे बॉल गेला की पाऊणशे मीटर धावत आपल्या डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळापर्यंत, यायचं, तिथे कुणाला तरी मार्क करायचं, बॉल मिळाला की परत पाऊणशे मीटर वर जायचं आणि तिथे पोचेपर्यंत जीभ बाहेर. हे तुमच्या मुलीकडून कोणी रोज करून घेत असेल तर मी तुमच्या बाजूने आहे, स्पष्ट सांगतो, गोल मारणारं पोर दमवून ठेवायचं आणि मग ऐन डीमध्ये तिचा ट्रॅप सुटला की ओरडायचं, याला कोचिंग म्हणत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे बॉल गेल्यावरचे पहिले चार-पाच सेकंद. ते मात्र तिचेच आहेत आणि त्यात सूट नाही, स्टार असो नाहीतर कोणी असो. का ते बघा. मैदान ९१.४ मीटर लांब. आपल्या डीपाशी बॉल मिळाला तर समोरच्या गोलपर्यंत अख्खी टीम पार करायची असते. पण तोच बॉल त्यांच्या २३ मीटरच्या लाइनच्या आत हिसकावला तर त्यांचे फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागचे डिफेंडर, पास घ्यायला ऐसपैस पसरलेले असतात, मध्ये कोणी नसतं, एक पास आणि आपण डीमध्ये. म्हणजे फॉरवर्डचा टॅकल हा डिफेन्स वाटतो, पण खरं तर तो सगळ्यात स्वस्तातला अटॅक आहे. हे तिला असं समजावलंत तर ती स्वतःच धावेल, "मागे ये" हे शब्दच चुकीचे आहेत, कुठल्या फॉरवर्डला मागे जायला आवडतं?

आणि दर वेळी तिने बॉल जिंकलाच पाहिजे असंही नाही. सरळ अंगावर न धावता थोडं वळून आतल्या बाजूने यायचं, स्टिक जमिनीला टेकलेली ठेवायची, मधला पास बंद करायचा आणि समोरच्या पोरीला साइडलाइनकडे ढकलायचं. साइडलाइन म्हणजे फुकटात मिळालेला डिफेंडर. पुढचं काम मागची हाफ, म्हणजे मधल्या फळीतली पोरगी, करते.

आता तुम्ही म्हणाल गोल तर गोल असतात. मग पॅरिसचं उदाहरण घ्या. २०२४च्या ऑलिम्पिकमध्ये आपल्या पुरुष टीमने ८ मॅचमध्ये १५ गोल मारले आणि ब्राँझ आणलं. त्या १५पैकी १० एकट्या हरमनप्रीतचे, जो फुलबॅक आहे, आणि तेही पेनल्टी कॉर्नर नाहीतर स्ट्रोकवरचे, म्हणजे समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेल्या फटक्यांवरचे. फॉरवर्ड लोकांचे किती? चार. अभिषेकचे दोन, मनदीप आणि सुखजीतचा एकेक. मग फॉरवर्ड काय झोपले होते? नाही हो. डीमध्ये घुसून समोरच्याच्या पायावर बॉल लावून कॉर्नर कमवायचे, समोरच्याला बॉल सुखाने बाहेर काढू द्यायचा नाही, ही कामं स्कोअरबोर्डवर येत नाहीत. क्रेग फुल्टन २०२३मध्ये कोच म्हणून आले तेव्हापासून त्यांचं सूत्रच आहे की जिंकायचं तर आधी डिफेन्स, आणि तो डिफेन्स सुरू होतो पुढच्या माणसापासून.

एक धोका मात्र आहे. गोल मारणाऱ्या पोरांना टॅकल शिकवलेलाच नसतो, त्यामुळे बॉल गेला की चिडून मागून स्टिक घालतात आणि ग्रीन कार्ड, दोन मिनिटं बाहेर. लालबाग-परळच्या कबड्डीवाल्यांना विचारा, हातखंडा रेडर डिफेन्सला उभा असताना उगाच पुढे झेप घेऊन आऊट झाला तर मंडळाचे लोक त्याला काय काय ऐकवतात. त्याने पकडीत मदत करायची पण जीव वाचवून, कारण पुढची चढाई त्यालाच करायचीय. तुमच्या मुलीचंही तेच.

आणि कोचला भांडायला जाऊ नका, एकच विचारा की तिला पाच-पाच मिनिटांनी बाहेर घेऊन परत आत पाठवाल का? हॉकीत कितीही वेळा बदली करता येते, मोठ्या मॅचमध्ये फॉरवर्ड काही मिनिटं जीव तोडून धावतो आणि बेंचवर येऊन श्वास घेतो. आपल्याकडे शाळेच्या मॅचमध्ये स्टार पोराला पूर्ण वेळ मैदानात ठेवतात आणि वर प्रेस पण कर, म्हणजे बॉल गेला की लगेच समोरच्याला घेर, म्हणतात, असं कसं जमेल? कदाचित त्या दोन मॅचमध्ये कोच हेच करत असेल आणि तुम्हाला ती शिक्षा वाटली असेल, विचारून तर बघा.

प्रश्न: माझा नातू टोरंटोला असतो, त्याच्यामुळे मला सत्तरीत बर्फावरच्या हॉकीचा नाद लागला आहे. सकाळी चहा घेत मॅच बघतो. तिथेही हाच वाद दिसतो, की ओव्हेचकिनसारख्या गोल मारणाऱ्या स्टारने डिफेन्स करावा की नाही. नातू म्हणतो करायलाच पाहिजे. मला वाटतं सचिनला कोणी बोलिंग टाक म्हणून मागे लागतं का?
— एक आजोबा, दादर

उत्तर: आजोबा, सचिनने वनडेत दीडशेच्या वर विकेट काढल्यात त्यामुळे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, पण प्रश्न झकास आहे.

तिथे हा वाद फार जुना आहे. इतका की डिफेन्स उत्तम करणाऱ्या फॉरवर्डसाठी वेगळी ट्रॉफीच आहे, सेल्की नावाची, १९७८पासून देतात. आणि प्लस-मायनस नावाचा एक हिशोब असतो, तुम्ही बर्फावर असताना आपल्या टीमने गोल मारला की अधिक एक, खाल्ला की उणे एक. पॉवर प्लेचे गोल, म्हणजे समोरचा खेळाडू पेनल्टीत बसलेला असताना मारलेले, त्यात धरत नाहीत. आता गंमत बघा, २०१३-१४च्या सीझनला तुमच्या ओव्हेचकिनने ५१ गोल मारले आणि त्याचा प्लस-मायनस आला उणे ३५. म्हणजे पठ्ठ्या एका दाराने लक्ष्मी आणत होता आणि दुसऱ्या दाराने ती निघून जात होती. (त्याचे बरेचसे गोल पॉवर प्लेवरचे होते म्हणून आकडा जरा जास्तच वाईट दिसतो, एवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे.) तरी २०१८ला त्याने स्टॅनले कप, म्हणजे तिथल्या लीगचा सगळ्यात मोठा कप, जिंकला आणि एप्रिल २०२५मध्ये ८९५वा गोल मारून ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा रेकॉर्ड मोडला. त्याला जन्मभर डिफेन्सला जुंपला असता तर हे बघायला मिळालं असतं का, मला शंका आहे.

पण नातवाला जिंकायचं असेल तर तो तुम्हाला यझरमनचं नाव सांगेल. डेट्रॉइटचा कॅप्टन स्टीव्ह यझरमन, १९८८-८९ला त्याने ६५ गोल मारले, ९० असिस्ट, एकूण १५५ पॉइंट. कप? नाही. मग १९९३ला स्कॉटी बोमन कोच म्हणून आला आणि त्याने या एवढ्या मोठ्या स्टारला सांगितलं की तू दोन्ही बाजूंनी खेळायचंस. १९९६-९७ला यझरमनचे गोल झाले फक्त २२, आणि त्याच वर्षी कप आला, पुढच्या वर्षी परत आला, २००२ला परत. मधे २०००ला त्याला ती सेल्कीही मिळाली. त्यात टीमही भारी होती हे खरं, एकट्या डिफेन्सने कप येत नाही. पण ६५वरून २२वर यायला जे मन लागतं ना, ते मला त्या १५५ पॉइंटपेक्षा मोठं वाटतं.

मग ओव्हेचकिन बरोबर की यझरमन? मला विचाराल तर वय आणि जागा बघून ठरवावं. ओव्हेचकिन विंगर आहे, त्याचं दुकान त्याच्या शॉटवर चालतं. यझरमन सेंटर होता आणि सेंटरला मैदानाच्या दोन्ही टोकांना जावंच लागतं, कामच तसं आहे. आणि बर्फावर एक शिफ्ट, म्हणजे एका वेळी सलग खेळायची पाळी, जेमतेम पाऊण मिनिटाची, तेवढ्यात जीव काढून मागे येता येतं. आपल्या टर्फवर भर मे महिन्यात तेच सांगितलं तर कोचला कोणी घरी जेवायला बोलावणार नाही. नातवाला एवढंच विचारा, तू कुठल्या जागेवरच्या खेळाडूबद्दल बोलतोयस? आणि चहा गार होऊ देऊ नका.

प्रश्न: हॉकीत आता ऑफसाइड नाही ना, मग मी त्यांच्या डीजवळच उभा राहिलो तर काय बिघडतं? मी कॉलेज टीमचा सेंटर फॉरवर्ड आहे, सगळे मला लोफर म्हणतात.
— एक कॉलेजकुमार, ठाणे

उत्तर: ऑफसाइड १९९८लाच गेला, तुझ्या जन्माच्या आधी बहुतेक. आणि तू म्हणतोस त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, तू वर उभा राहिलास तर त्यांचे एक-दोन डिफेंडर तुझ्यापाशी अडकतात, तेवढे आपल्या डीवर कमी येतात. काही कोच मुद्दाम एकाला वर ठेवतात. फक्त तू कोचने सांगितलं म्हणून उभा आहेस की दम लागला म्हणून, हे तुलाच माहीत.

आणि कधी कधी उभं राहायची सोयच नसते. पॅरिसलाच ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या क्वार्टर फायनलमध्ये १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं आणि पुढची चाळीसहून जास्त मिनिटं आपण दहा जण खेळलो. अशा वेळी मी फॉरवर्ड आहे, मी वरच थांबतो म्हणणारा टीममध्ये असता तर? १-१ राहिली मॅच, शूटआऊटला ४-२ने काढली, आपला गोली श्रीजेशचं नाव झालं आणि व्हायलाच हवं होतं, पण तिथपर्यंत मॅच पोचवताना पुढची पोरं किती वेळा मागे आली ते रिप्लेमध्ये बघ एकदा. स्कोअर माहीत असताना बघ, म्हणजे नजर बॉलवर न राहता माणसांवर राहील.

लोफर म्हणतात त्याचं मनावर घेऊ नकोस. पण बॉल तुझ्याकडून गेला असेल तर पाच सेकंद धाव, बॉल दुसऱ्याकडून गेला असेल तर मग खुशाल उभा राहा, मी काही बोलणार नाही.

प्रश्न: तुम्ही दर अंकात लोकांना अक्कल शिकवता. तुम्ही स्वतः फॉरवर्ड होतात असं ऐकलंय. तुम्ही येत होतात का मागे?
— एक जुना वाचक, गिरगाव

उत्तर: पकडलंत.

नव्हतो येत. लोकल लीग खेळायचो, लेफ्ट इनला, आणि ड्रिबलिंग बरं होतं त्यामुळे डोक्यात हवा. आमच्या कोचने सांगून सांगून नाद सोडला होता. एका मॅचमध्ये १-१ चालू, शेवटची दोनेक मिनिटं, मी त्यांच्या दोघांना चकवलं आणि तिसऱ्याला पण चकवायला गेलो, बाजूला आमचा राइट इन मोकळा हात वर करून उभा होता तरी. बॉल गेला. मी काय केलं असेल? स्टिक खांद्यावर टाकली आणि अंपायरकडे बघत उभा राहिलो, फाउल नव्हताच, मलाही माहीत होतं. ज्याने बॉल घेतला तो माझ्यापासून दोन पावलांवर होता. दोन पावलं. तो आरामात मान वर करून बघत बसला आणि मग त्याने असा लांबलचक पास दिला की आमचे दोन्ही हाफ कापले गेले, पुढे आमचा गोली आणि त्यांचे तिघं.

हरलो. ड्रेसिंग रूममध्ये कोणी बोललं नाही. चर्चगेटहून बोरीवली स्लो पकडली, आमचा गोली माझ्या शेजारीच बसला, मांडीवर पॅडची ती अवाढव्य बॅग, शर्टातून अजून पाणी निथळतंय, दादर गेलं, बांद्रा गेलं, एक शब्द नाही. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, की फाउल होता, की हाफ कुठे होते, की पास द्यायला कोणी नव्हतं. अंधेरीला उतरायच्या आधी तो उठला, माझ्या बॅगेच्या साइडच्या खिशाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझ्या बाटलीत पाणी आहे ना अजून? दे जरा, माझं हाफटाइमलाच संपलं."

बाटली जवळपास भरलेलीच होती.