इंजेक्शनं चालू असताना व्यायाम करू द्यावा का?

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोनची इंजेक्शनं घेणाऱ्या माणसाची बायको किंवा मुलगा समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसला की एक प्रश्न हमखास येतो : "हे दिवसभर दमलेले असतात. यांना व्यायामाला लावायचं की पडू द्यायचं?" एका कुटुंबाची हकिगत सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

काका सत्तरीच्या अलीकडचे. उभी हयात घाटातून एसटी चालवण्यात गेलेली. काकू आणि मुलगा त्यांना घेऊन आले, आणि सगळं तेच दोघं बोलत होते. "पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवणारी रक्ततपासणी) खाली आलाय, डॉक्टर खूश आहेत. मग हे सोफ्यावरून का उठत नाहीत?" काका जमिनीकडे बघत होते. मी दोघांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

मग काका हळूहळू बोलायला लागले. अंगातून एकदम वाफा निघतात, रात्री बनियन भिजतं. छाती सुजल्यासारखी वाटते. टीव्ही बघताना उगाच रडू येतं. "आणि घरात मला दळणाचा डबासुद्धा उचलू देत नाहीत. मुलगा हातातून काढून घेतो. मॅडम, मी आता पुरुष उरलोय का, तेवढं सांगा."

हा प्रश्न विचारायला माणसाला किती बळ लागत असेल! मी त्यांना सांगितलं, हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसतो, म्हणून इंजेक्शन ते जवळजवळ बंद करतं. पण स्नायू, हाडं, उमेद, इच्छा यांनाही त्याच हार्मोनचा आधार असतो. तो गेला की स्नायू झडतात, पोट सुटतं, हाडं विरळ होतात, मन खचतं. हे औषधाचे परिणाम आहेत, तुमचा आळस नाही आणि तुमचं पुरुषपण गेल्याची खूणही नाही. शरीरसंबंधांबद्दल नंतर काका-काकू दोघांशी वेगळं बोलले. तो विषय डॉक्टरांसमोरही मोकळेपणानं काढता येतो.

आता मूळ प्रश्न. हा थकवा झोपून जात नाही. पडून राहिलं की स्नायू आणखी झडतात, आणि मग संडासला जाऊन आलं तरी धाप लागते. कॅनडात हार्मोनचे उपचार घेणाऱ्या १५५ पुरुषांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटानं १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, स्नायूंना ताकद देणारे व्यायाम केले. व्यायाम न केलेल्यांपेक्षा त्यांना थकव्याचा त्रास कमी झाला, रोजचं जगणं सुधारलं. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनातही अशा रुग्णांना आठवड्यातून किमान दोनदा, १२ आठवडे, देखरेखीखाली व्यायाम द्यावा असं म्हटलं आहे.

मुलाची भीती निराळी होती : वजन उचललं तर कॅन्सर पसरेल. व्यायामानं कॅन्सर पसरत नाही. मात्र तो आधीच हाडांत उतरलेला असेल तर चुकीच्या जोरानं हाड मोडू शकतं. म्हणून आधी डॉक्टरांची परवानगी हवीच. काकांच्या हाडांच्या स्कॅनमध्ये कॅन्सर दिसला नव्हता.

फिजिओनं घरचाच व्यायाम आखून दिला. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या वर-खाली. हे एक दिवसाआड. आणि संध्याकाळी, बोलता येईल पण थोडा दम लागेल अशा गतीनं चालणं. अगदीच गळून गेल्याच्या दिवशी फक्त पाच वेळा उठ-बस, पण खाडा नाही.

खरं समुपदेशन काकूंचं झालं. मी म्हटलं, डॉक्टरांची हरकत नाही, दळणाचा डबा त्यांना आणू द्या. अर्धाच भरा हवं तर. त्या रडल्याच. "मी जपतच होते हो त्यांना." जपतच होत्या, यात शंका नाही. पण त्या जपण्यात काकांच्या हाती घरातलं एकही काम उरलं नव्हतं.

काकांनी कॅलेंडरवर नोंदी ठेवायला सुरुवात केली. ड्यूटीची सवय! मध्ये एक आठवडा सगळं बंद पडलं. घरी एकट्यानं करताना असं होतंच, म्हणून देखरेखीखालच्या व्यायामाचा गुण सहसा जास्त दिसतो. आम्ही फिजिओची महिन्याची एक फेरी ठरवून घेतली. अडीच-तीन महिन्यांनी काका सोफ्यावरून हात न टेकता उठत होते आणि दुपारची लांबलचक झोप तासाभरावर आली होती. वाफा तशाच होत्या, वजनही फारसं हललं नव्हतं. इंजेक्शनं अर्थातच चालू होती. व्यायाम त्यांची जागा घेत नाही.

घरच्यांनी एक गोष्ट पाठ करून ठेवावी. पाठीत नवीन, वाढतं दुखणं, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं ते लक्षण असू शकतं आणि तिथे तासांना किंमत असते.

मागच्या भेटीत काकूंची तक्रार होती की हे आता स्टुलावर चढून माळा आवरायला लागलेत. तिथे मात्र मी काकूंच्या बाजूनं उभी राहिले. हाडं विरळ झालेली असताना पडणं परवडत नाही. माळा मुलानं आवरायचा, दळण काकांनी आणायचं, असं ठरलं.